कांद्यातलं क्वेर्सेटिन दर वेळी पहिलं कसं येतं?

शियाओयाओ सान हे चीनमधलं नावाजलेलं जुनं औषध. सोंग राजवटीतल्या सरकारी औषधसंग्रहात त्याची कृती सापडते. मन उदास, चिडचिड, जेवणावर वासना नाही, अशा रुग्णांना ते आजही देतात. छायहू नावाचं मूळ हा त्यातला मुख्य घटक. सोबत आलं, पुदिना, ज्येष्ठमध अशी आपल्याही ओळखीची मंडळी. (त्यांच्या ज्येष्ठमधाची जात आपल्याहून वेगळी, पण घराणं एकच.)

यातला नेमका कोणता रेणू नैराश्यावर काम करतो? एकेक रेणू वेगळा काढून उंदरांवर तपासायचा म्हटलं तर आयुष्य पुरायचं नाही. म्हणून आधी संगणकाला कामाला लावतात.

त्यासाठी टीसीएमएसपी हा २०१४ साली जाहीर झालेला चिनी औषधांचा माहितीसंग्रह फार वापरला जातो. त्यात ४९९ औषधी द्रव्यं आणि २९ हजारांवर रेणूंच्या नोंदी आहेत. संशोधक त्यांना दोन चाळण्या लावतात: तोंडावाटे घेतल्यावर रेणू रक्तात पोचण्याचं अंदाजित प्रमाण किमान ३० टक्के हवं आणि 'औषधासारखेपणा'चा गुणांक किमान ०.१८. उरलेल्या रेणूंचं मग डॉकिंग, म्हणजे रेणू प्रथिनाच्या खाचेत कसा बसतो ते संगणकावर पाहणं. मेंदूतल्या सेरोटोनिन-वाहक प्रथिनाची मानवी रचना २०१६ साली उलगडली आणि पॅरोक्सेटिनसारखी नैराश्यावरची औषधं त्यात नेमकी कुठे अडकतात ते दिसलं. त्याच खाचेत संगणक नवा रेणू उलटसुलट बसवून पाहतो आणि पकडीला गुण देतो. आकडा जितका जास्त ऋण, तितकी पकड घट्ट.

निकाल लागतो तेव्हा यादीत वरच्या जागी बहुतेकदा क्वेर्सेटिन हा वनस्पतींतला रेणू असतो. नैराश्य घ्या, मधुमेह घ्या, कोविड घ्या, नाव तेच. हे क्वेर्सेटिन कांद्यात भरपूर असतं. मग रोज कांदा-भाकर खाणारा माणूस कधी उदास होऊच नये!

खरं कारण माहितीसंग्रहातच आहे. क्वेर्सेटिनवर जगभर ढीगभर प्रयोग झालेत, त्यामुळे त्याच्या नावापुढे तो ज्यांवर काम करतो अशा प्रथिनांची लांबलचक यादी लागलेली असते. ज्यावर कुणी कधी काम केलं नाही त्या रेणूपुढे जागा कोरी. क्रम लावताना संगणक रेणू-प्रथिनांच्या या जोडण्याही मोजतो आणि आधीच प्रसिद्ध असलेल्याला पुन्हा निवडतो. त्यात ज्येष्ठमध अनेक चिनी काढ्यांत पडतं आणि त्याच्या नोंदीत क्वेर्सेटिन आहेच.

दुसरी अडचण चाळणीची. टीसीएमएसपीच्या अंदाजाने क्वेर्सेटिनचं रक्तात पोचण्याचं प्रमाण ४६.४३ टक्के. प्रत्यक्षात आतडं आणि यकृत त्याचं रूप इतक्या झपाट्याने बदलतात की माणसाच्या रक्तात मूळ क्वेर्सेटिन जेमतेमच सापडतं. दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेला आकडा पाहिला की वाचणारा भुलतो. तो मोजलेला नाही, वर्तवलेला आहे, हे शोधनिबंधात ठळकपणे लिहायला हवं, असं मला वाटतं.

छायहूतल्या सायकोसॅपोनिन-एची गोष्ट उलटी. त्याचा रेणुभार ७८१ च्या आसपास, पॅरोक्सेटिनचा ३२९. मोठ्या रेणूला खाचेत धरायला जागा जास्त, त्यामुळे डॉकिंगमध्ये गुण आपोआप चांगले मिळू शकतात. पण रक्तातून मेंदूत शिरताना जो पहारा असतो, तिथे साधारणपणे साडेचारशे-पाचशेच्या वरचे रेणू सहजी आत जात नाहीत. शिवाय आतड्यातले जीवाणू त्याच्यावरच्या साखरा तोडून वेगळेच रेणू बनवतात. परिणाम त्यांचा असू शकतो, आणि डॉकिंगला मात्र मूळ रेणूच बसवलेला असतो.

म्हणून चीनमधल्या काही प्रयोगशाळा क्रमच फिरवतात. आधी प्राण्याला काढा पाजायचा, ठरावीक वेळाने रक्त काढायचं, रक्तद्रवात कोणते रेणू उतरले ते यंत्रावर ओळखायचे आणि तेवढेच संगणकाला द्यायचे. यादी आखूड होते. पुढे पेशींवर आणि उंदरांवर तपासायला हाताशी राहतात ते निदान शरीरात खरोखर पोचलेले रेणू.