संवेदकांच्या जाळ्यात जागे कोणी राहायचे?

अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ग्रेट डक नावाचे बेट आहे. तेथे लीचेस स्टॉर्म पेट्रल हे समुद्रपक्षी जमिनीतील बिळांत घरटी करतात. विणीच्या काळात माणसांची वर्दळ त्यांना सोसत नाही, म्हणून २००२ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह त्या बिळांत आणि आसपास लहान बिनतारी संवेदक, म्हणजे तापमानासारख्या गोष्टी मोजून रेडिओने कळवणारी उपकरणे, ठेवली. प्रत्येक संवेदकाला दोन साध्या पेन्सिल सेलवर नऊ महिने काढायचे होते. सेलमधील वापरता येण्याजोगी क्षमता २२०० मिलिअँपिअर-तास धरली, तर दिवसाच्या वाट्याला जेमतेम ८ मिलिअँपिअर-तास येतात.

ही ऊर्जा नेमकी कशावर खर्च होते, हे समजल्याशिवाय बचतीचा मार्ग दिसत नाही. तापमान मोजण्याचा खर्च अगदी किरकोळ असतो; खरा खर्च रेडिओचा असतो, आणि तोही केवळ बोलण्याचा नव्हे. पुढे अशा संवेदकांत रूढ झालेली सीसी२४२० ही रेडिओ चिप संदेश पाठवताना १७.४ मिलिअँपिअर प्रवाह घेते, तर नुसती कान देऊन बसलेली असताना १८.८ मिलिअँपिअर. म्हणजे कोणी काही बोलो वा न बोलो, ऐकत राहण्यातच वरचा दिवसभराचा वाटा २६ मिनिटांत संपतो. झोपलेल्या संवेदकाला मात्र काही मायक्रोअँपिअर पुरतात. या विषयातील बहुतेक सगळे संशोधन या एका तफावतीतून उगवले आहे, असे मला वाटते.

पण सगळेच झोपले तर निरोप घेणार कोण? २००४ साली मांडलेल्या बी-मॅक या पद्धतीत प्रत्येक संवेदक ठरावीक काळाने क्षणभर जागा होऊन हवेत संकेत आहे का, एवढेच पाहतो. पाठवणारा मात्र निरोपाआधी इतका लांब पूर्वसंकेत देतो, की झोपेतला शेजारी तोवर एकदा तरी जागा व्हावाच. पाठवणाऱ्याचा खर्च वाढतो, परंतु निरोप क्वचितच जात असल्याने एकूण हिशेब फायद्याचा ठरतो.

संवेदक दाट पेरलेले असतील, तर काहींना दीर्घकाळ पूर्ण विश्रांती देता येते. समजा, तीन ठिकाणांवर तीन संवेदक लक्ष ठेवतात आणि प्रत्येकाला त्यांपैकी वेगवेगळी दोन ठिकाणे दिसतात, म्हणजे कोणतेही दोन संवेदक जागे असले की काम भागते. प्रत्येकाची बॅटरी एक महिना टिकत असेल आणि एकच जोडी सतत राबवली, तर महिन्यानंतर उरलेला तिसरा एकटा अपुरा पडतो. त्याऐवजी तिन्ही संभाव्य जोड्यांना पंधरा-पंधरा दिवसांची पाळी दिली, तर तेच जाळे दीड महिना चालते. संवेदकांची संख्या वाढली की अशा पाळ्यांची सर्वोत्तम आखणी संगणकालाही फार जड जाते, म्हणून व्यवहारात जवळपासच्या उत्तरांवर समाधान मानले जाते.

पाळ्या आखताना केवळ देखरेखीचा विचार करून भागत नाही, कारण दूरच्या संवेदकांची माहिती हातोहात पुढे सरकते आणि ती जिथे गोळा होते त्या मुख्य केंद्राजवळच्या संवेदकांवर सगळ्यांचे निरोप वाहण्याचा भार पडतो. ते आधी संपले, तर पलीकडे भरपूर बॅटरी शिल्लक असलेले संवेदकही निरुपयोगी ठरतात. यावर एक सरळ उपाय आहे: केंद्राभोवती संवेदक अधिक दाट पेरायचे, म्हणजे तेथील प्रत्येकाची पाळी उशिरा येते.