सॉड-शाळा आणि डगआउट-शाळा: दोन्ही मातीच्या, तरी वेगळ्या

अमेरिकेच्या १८६२च्या होमस्टेड कायद्याने मिळणाऱ्या १६० एकर जमिनीसाठी माणसे नेब्रास्का आणि कॅन्ससच्या गवताळ माळावर आली. झाडे असली तर ओढ्याकाठी, तीही मोजकी. त्यामुळे तिथल्या सुरुवातीच्या कित्येक शाळा मातीतच भरल्या. मात्र त्यांतली एक खोदलेली असे आणि दुसरी बांधलेली.

डगआउट म्हणजे खोदलेली. टेकडीचा किंवा ओढ्याकाठचा उतार आत कोरायचा. मागची आणि बाजूची जमीन हीच भिंत. फक्त दर्शनी भिंत लाकडाची किंवा सॉडची, म्हणजे गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या लाद्यांची. काम थोड्या दिवसांत उरके, पण उजेड त्या एकाच बाजूने येई, आणि शाळेला उजेडच तर हवा! शिवाय पावसाचे पाणी मागच्या उतारावरून थेट आत उतरे.

सॉड ही आपली कच्ची वीट नव्हे. ती कालवायची नाही, साच्यात घालायची नाही. गवताच्या मुळांनी घट्ट विणलेला जमिनीचा वरचा थर खास नांगराने साधारण १२ इंच रुंद आणि ४ इंच जाड पट्ट्यांत सोलायचा, कुदळीने दोन-तीन फुटांच्या लाद्या तोडायच्या. त्या दिवशी रचून होतील तेवढ्याच काढायच्या. वाळल्या की कडा भुरभुरतात. गवताची बाजू खाली ठेवून दोन लाद्या शेजारी-शेजारी, सांध्यावर सांधा न आणता रचायच्या आणि मधूनमधून एक थर आडवा घालायचा, नाहीतर भिंत उभी फाटते. भिंत दोन-तीन फूट जाड होते आणि पुढे कित्येक महिने खचत राहते. म्हणून खिडकीच्या चौकटीवर फट सोडून त्यात चिंध्या किंवा गवत कोंबत. फट विसरली की वरचा भार चौकटीवर येऊन काच तडकणारच.

छप्पर ही दोघींचीही दुखरी बाजू. फांद्या, गवत आणि वर सॉड असे छप्पर पाऊस थांबल्यावरही ठिबकत राही; खाली मलमल ताणून पडणारी माती झेलत. १२ जानेवारी १८८८च्या हिमवादळात नेब्रास्कातील मिरा व्हॅलीच्या सॉड-शाळेचे छप्परच उडाले आणि शिक्षिका मिनी फ्रीमन यांना मुलांना घेऊन बाहेर पडावे लागले.

जुन्या छायाचित्रात उताराचे गवत सलग छपरावर चढलेले दिसले, तर ते डगआउट. चारही भिंती मोकळ्या आणि बाजूला खोल कोनाड्यासारख्या खिडक्या असतील, तर सॉड. खरी गल्लत होते ती अर्ध्या खोदलेल्या, अर्ध्या रचलेल्या शाळांत, आणि तशाही पुष्कळ होत्या.

रेल्वेने चिरलेले लाकूड स्वस्तात पोचू लागले, तशा फळ्यांच्या शाळा उभ्या राहिल्या. डगआउटच्या जागी उतारात एखादा खळगा उरतो. सॉडच्या भिंती मात्र पावसात विरघळून पुन्हा माळात मिसळतात.