अथेन्सचे घुबड-नाणे : ओळख व कालनिश्चिती

अथेन्स या प्राचीन ग्रीक नगरराज्याचे चार ड्रॅक्मांचे चांदीचे नाणे. ग्रीक नाव टेट्राड्रॅक्म. वजन सुमारे १७.२ ग्रॅम, व्यास अडीच सेंटिमीटरच्या आतबाहेर. दर्शनी बाजूवर शिरस्त्राण घातलेल्या अथेना देवीचे उजवीकडे पाहणारे मस्तक असते. मागे शरीर उजवीकडे वळवून, तोंड मात्र थेट आपल्याकडे करून उभे असलेले घुबड, त्याच्या पाठीशी ऑलिव्हची डहाळी आणि पुढे अल्फा, थीटा, एप्सिलॉन ही तीन अक्षरे. ‘अथेन्सवासीयांचे’ या शब्दाचे ते संक्षिप्त रूप. चांदी येई ती अथेन्सच्या दक्षिणेकडील लॉरिअनच्या खाणींतून. नाटककार ॲरिस्टोफेनीसने इ.स.पू. ४१४ मध्ये ‘लॉरिअनची घुबडे’ असा उल्लेख केला आहे, म्हणजे टोपणनाव त्या काळचेच. ड्रॅक्मा हा शब्द आपल्यालाही परका नाही : त्यावरून संस्कृतात द्रम्म, प्राकृतात दम्म झाले आणि मराठीत दाम उरला.

नाणे अथेन्सचे आहे हे नवख्यालाही सांगता येते. ते कधीचे आहे हे सांगताना जाणकार अडखळतात. नाण्यावर ना वर्ष, ना राजाचे नाव. त्यात अथेन्सने ठशाचे रूप मुद्दामच बदलले नाही, असे मानावे लागते. हे नाणे इजिप्तपासून सीरियापर्यंत व्यापाऱ्यांच्या हाती फिरे आणि ओळखीच्या छापावरच त्याची पत चाले. पार्थेनॉनवर उत्तमोत्तम शिल्पे कोरली जात होती (इ.स.पू. ४४७–४३२) तेव्हाही नाण्यावरची अथेना जुन्याच वळणाची होती : चेहरा बाजूने, डोळा मात्र समोरून दिसणारा, बदामी. अक्षरेही फसवतात. इ.स.पू. ४०३ मध्ये अथेन्सने आयोनियन वर्णमाला स्वीकारली. त्यानुसार तिसरे अक्षर ईटा हवे होते. नाण्यावर एप्सिलॉन तसाच राहिला. केवळ लिपीवरून काळ ठरवणारा माणूस इथे शंभर वर्षांनी चुकू शकतो.

म्हणून नजर बारीक खुणांकडे न्यावी लागते. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या पहिल्या नाण्यांची चकती जाड, ओबडधोबड. शिरस्त्राणावर पाने नाहीत, घुबडाच्या मानेमागे चंद्रकोरही नाही. पर्शियन आक्रमणानंतर, साधारण इ.स.पू. ४८०–४७९ पासून, शिरस्त्राणावर तीन ऑलिव्ह पाने उभी राहतात आणि कोर उगवते. पूर्वी याचा संबंध पर्शियनांवरच्या मॅरेथॉनच्या विजयाशी (इ.स.पू. ४९०) जोडत, आता तो मागे पडला आहे. कोरीवरून पर्शियनांशी झालेल्या सॅलॅमिसच्या आरमारी लढाईच्या रात्रीचा चंद्र काढणारे तर्क आकर्षक आहेत, पण तर्कच. यापुढची खूण शेपटीची. सुरुवातीच्या पानवाल्या नाण्यांत शेपटीच्या टोकाला तीन छोटी पिसे दिसतात. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्यानंतर नाणी अफाट संख्येने पाडली जाऊ लागली तेव्हा तिथे एकच टोक उरले. इ.स.पू. चौथ्या शतकात डोळा अखेर बाजूने दिसू लागतो. त्या शतकाच्या मध्यानंतर चकत्या दुमडून ठोकलेल्या, म्हणून वेड्यावाकड्या, लांबट आढळतात.

या खुणा क्रम सांगतात, वर्ष नाही. वर्षासाठी बाहेरचा आधार लागतो. पहिला आधार नाण्यांच्या साठ्यांचा : कोणती नाणी कोणाबरोबर पुरली गेली आणि त्यांतले सर्वांत उशिराचे कोणते. इजिप्तमधील असियूतचा सुमारे ९०० नाण्यांचा साठा (१९६८–६९) आणि काबूलमधील चमन-इ-हजुरीचा (१९३३) हे यातले गाजलेले. पर्सेपोलिसला पर्शियन सम्राट दरायसच्या प्रासादाच्या पायात १९३३ मध्ये लिडिया, एजायना, अब्डेरा, सायप्रस येथील नाणी मिळाली. त्यांत घुबड नाही, म्हणजे ते तेव्हा सुरूच झाले नसावे असे वाटते. पण ‘नसणे’ हा पुरावा बेताचाच. दुसरा आधार ठशांचा. ऐरणीतला खालचा, अथेनेचा ठसा टिके. हातोड्याचा घाव झेलणारा वरचा, घुबडाचा ठसा लवकर फुटे. एकाच अथेनेबरोबर वेगवेगळी घुबडे जुळवत गेले की नाण्यांची साखळी हाती येते.

खऱ्या-खोट्याची पारख अथेन्सकरांनाही चुकली नव्हती. इ.स.पू. ३७५/४ चा निकोफॉनचा कायदा कोरलेली शिळा १९७० मध्ये अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, सापडली. बाजारात सराफांच्या मेजांपाशी एक सरकारी गुलाम पारखी म्हणून बसे. आत तांबे किंवा शिसे असलेले मुलाम्याचे नाणे आले तर त्याने ते तिथेच कापायचे आणि देवमातेला अर्पण करायचे. चांदी चांगली पण नाणे परक्याने पाडलेले असेल, तर आणणाऱ्याला परत. बसण्यात कुचराई केली तर पारख्याला पन्नास फटके. आज अनेक नाण्यांवर छिन्नीचे खोल घाव दिसतात. इजिप्त आणि सीरियाकडील लोकांनीही आत चांदीच आहे ना, हे असेच पाहिले. आधुनिक बनावट नाण्यात मात्र कडेवरची साच्याची रेघ, पृष्ठावरचे हवेचे बुडबुडे आणि हलके वजन आधी पाहावे.

नकला इजिप्त, गाझा, दक्षिण अरबस्तान, बॅक्ट्रिया (आजचा उत्तर अफगाणिस्तान) इथपर्यंत झाल्या. गंमत अशी की काही नकलांचा काळ अस्सलापेक्षा नेमका सांगता येतो. इजिप्तचा पर्शियन क्षत्रप सबाकेस याच्या घुबडावर अरमाइक लिपीत त्याचे नाव आहे, आणि तो इ.स.पू. ३३३ मध्ये अलेक्झांडरविरुद्ध इस्ससच्या रणात पडला.

इ.स.पू. दुसऱ्या शतकातली ‘नव्या शैली’ची नाणी पातळ, रुंद, घुबड तेलाच्या कुंभावर उभे, भोवती ऑलिव्हची माळ. त्यांवर अधिकाऱ्यांची नावे आणि कुंभावर महिन्याचे अक्षर असते. म्हणजे महिना कळतो, वर्ष नाही. नाणेतज्ज्ञ मार्गारेट थॉम्पसन यांनी १९६१ मध्ये ही मालिका इ.स.पू. १९६ पासून लावली. तिच्यात ‘राजा मिथ्रिडेटीस’ आणि अरिस्टिऑन ही नावे असलेले नाणे इ.स.पू. १२१/० ला पडत होते. पण हे दोघे, पोंटसचा राजा आणि अथेन्सचा सत्ताधीश, अथेन्सच्या रोमविरोधी बंडात, इ.स.पू. ८७/६ च्या सुमारास, एकत्र आलेले सर्वांना माहीत आहेत. सगळी मालिकाच तीसेक वर्षे खाली ओढावी लागली आणि आज तिचा आरंभ इ.स.पू. १६५ च्या आसपास धरतात.