फारिस, मुहम्मद अहमद

(२६ मे १९५१ – १९ एप्रिल २०२४). सीरियाचे पहिले आणि अरब जगतातील दुसरे अंतराळवीर. सीरियन हवाई दलातील वैमानिक व सेनाधिकारी. जुलै १९८७ मध्ये ‘सोयूझ टीएम-३’ या सोव्हिएत यानातून ते ‘मीर’ अंतराळस्थानकावर गेले. सोव्हिएत संघाबाहेरून मीरवर आलेले ते पहिलेच पाहुणे. सीरियातील यादवी युद्ध पेटल्यावर २०१२ मध्ये त्यांनी देश सोडला आणि उरलेले आयुष्य तुर्कस्तानात निर्वासित म्हणून काढले.

त्यांचा जन्म उत्तर सीरियातील अलेप्पो (अरबी नाव हलब) येथे सुन्नी मुस्लिम कुटुंबात झाला. ‘फारिस’ या अरबी शब्दाचा अर्थ घोडेस्वार. अलेप्पोजवळच्या हवाई दल अकादमीतून वैमानिकाचे शिक्षण पुरे करून ते १९७३ मध्ये बाहेर पडले. पुढची बारा वर्षे त्यांनी लढाऊ विमाने उडवली. त्या काळच्या सीरियन हवाई दलाची विमाने सोव्हिएत बनावटीची होती. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये मॉस्को आणि दमास्कस यांच्यात मैत्रीचा करारही झाला होता. हवाई दलातल्या माणसाला मॉस्कोहून बोलावणे येणे हे त्या करारामागोमाग आलेच.

हे बोलावणे ‘इंटरकॉसमॉस’ या कार्यक्रमातून आले. सोव्हिएत कमांडरच्या जोडीला मित्रराष्ट्राचा एक माणूस अंतराळात न्यायचा, ही त्यामागची कल्पना. १९७८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे व्लादिमिर रेमेक यांच्यापासून या उड्डाणांना सुरुवात झाली. पाठोपाठ पोलंड, पूर्व जर्मनी, हंगेरी, व्हिएतनाम, क्यूबा, मंगोलिया अशी रांगच लागली. ३ एप्रिल १९८४ रोजी ‘सोयूझ टी-११’मधून ‘सॅल्यूत-७’ स्थानकाकडे निघालेले आपले स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा याच रांगेतले. यातली बरीच उड्डाणे विज्ञानापेक्षा राजकारणासाठी होती, हे तेव्हाही लपलेले नव्हते. तरी पाहुण्याला फुकट फिरवून आणले जात होते, असे मात्र समजू नये. मॉस्कोजवळच्या स्टार सिटी या प्रशिक्षण केंद्रात रशियन भाषेपासून सुरुवात होई. पुढे यानाच्या प्रत्येक यंत्रणेचा अभ्यास, वजनरहित अवस्थेचा सराव, शरीर चेपून काढणारे अपकेंद्री यंत्र आणि यान भलत्याच ठिकाणी उतरले तर तगून राहण्याचे धडे, हे सगळे सोव्हिएत अंतराळवीरांच्या बरोबरीनेच करावे लागे.

सीरियाने १९८५ च्या सप्टेंबरअखेरीस दोन वैमानिक निवडले, फारिस आणि मुनीर हबीब. त्याच्या तीनच महिने आधी सौदी राजपुत्र सुलतान बिन सलमान यांनी ‘डिस्कव्हरी’ या अमेरिकी स्पेस शटलमधून १७ ते २४ जून असा आठवडाभराचा प्रवास केला होता. त्याच फेरीत ‘अरबसॅट-१बी’ हा अरब राष्ट्रांचा दळणवळण उपग्रह सोडण्यात आला. पहिला अरब अंतराळवीर हा मान असा रियाधकडे, आणि पर्यायाने अमेरिकी गोटाकडे गेलेला होता. दुसरा सोव्हिएत यानातून गेला, यात शीतयुद्धाच्या काळातल्या पश्चिम आशियाचे चित्र आपोआप उमटते. दोघांत फरकही मोठा होता. एक राजघराण्यातला, २८ वर्षांचा. दुसरा नोकरीच्या शिडीने वर आलेला, छत्तिशी गाठलेला वैमानिक. हबीब यांनीही दोन वर्षे तेच प्रशिक्षण घेतले, पण ते राखीवच राहिले.

२२ जुलै १९८७ रोजी कझाकस्तानातील बैकोनूर तळावरून यान उडाले. कमांडर होते अलेक्सांद्र व्हिक्तोरेन्को आणि अभियंता अलेक्सांद्र अलेक्सांद्रोव्ह. फारिस यांच्याकडे संशोधक अंतराळवीराची जागा होती. दोन दिवसांनी, २४ जुलैला, यान मीरला जोडले गेले. मीरचा गाभा कक्षेत जाऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते आणि ‘क्वांत’ हा खगोलनिरीक्षणाचा भाग त्याला एप्रिलमध्येच जोडलेला होता. आत युरी रोमानेन्को आणि अलेक्सांद्र लावेयकिन हे दोघे फेब्रुवारीपासून मुक्कामाला होते. म्हणजे पाच माणसांत तिघे अलेक्सांद्र. हाक मारताना काय होत असेल, याची कल्पना करून पाहावी.

या मोहिमेला एक अनपेक्षित वळण होते. लावेयकिन यांच्या हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता आढळल्याने जमिनीवरचे डॉक्टर काळजीत पडले आणि त्यांना मुदतीआधीच खाली आणायचे ठरले. त्यांच्या जागी अलेक्सांद्रोव्ह वर राहिले. परतल्यावर तपासण्या झाल्या तेव्हा लावेयकिन ठणठणीत असल्याचे निष्पन्न झाले, पण तोवर १७४ दिवसांवर त्यांची मोहीम संपली होती. रोमानेन्को मात्र ३२६ दिवस पुरे करून डिसेंबरअखेरीस उतरले.

पाहुणे मंडळी ज्या यानातून जात त्यातूनच परत येत असे नाही, हेही इथे सांगायला हवे. सोयूझ यानाचे कक्षेतले आयुष्य तेव्हा साधारण सहा महिन्यांचे होते. त्यामुळे स्थानकाला जोडलेले जुने यान वापरून परतायचे आणि नवे कोरे यान तिथल्या मुक्कामकऱ्यांसाठी ठेवून यायचे, असे बऱ्याचदा केले जाई. प्रत्येकाच्या पाठीच्या मापाने ओतून घेतलेले आसनाचे अस्तर तेवढे एका यानातून काढून दुसऱ्यात बसवावे लागे. उतरताना बसणारा हादरा त्यानेच सुसह्य होतो. त्याप्रमाणे फारिस, व्हिक्तोरेन्को आणि लावेयकिन ३० जुलैला ‘सोयूझ टीएम-२’मधून कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात उतरले. प्रवास एकूण ७ दिवस २३ तास ५ मिनिटांचा झाला.

कक्षेतल्या त्या आठवड्यात फारिस यांनी स्फटिक आणि मिश्रधातू यांवरचे प्रयोग केले, वातावरणाच्या वरच्या थरांची निरीक्षणे घेतली आणि सीरियाच्या भूभागाची छायाचित्रे काढली. प्रयोगांना पाल्मिरा, बोसरा, युफ्रेटिस अशी सीरियातली प्राचीन नगरे आणि नद्या यांची नावे दिलेली होती. बरोबर त्यांनी दमास्कसच्या मातीची एक कुपी नेली होती. राष्ट्राध्यक्ष हाफिज अल-असद यांच्याशी त्यांचे कक्षेतून बोलणे झाले आणि ते देशभर दाखवले गेले. तीन वर्षांपूर्वी इंदिरा गांधी आणि राकेश शर्मा यांच्यात झालेला संवाद ज्यांना आठवत असेल, त्यांना या प्रसंगाचा बाज वेगळा सांगायला नको. अंतराळात गेलेला माणूस, खाली खुर्चीत बसलेला नेता आणि दूरचित्रवाणीसमोर बसलेला देश, ही मांडणी इंटरकॉसमॉसमध्ये जवळपास ठरलेलीच असे.

परतल्याच्या दिवशीच त्यांना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा सर्वोच्च किताब आणि ‘लेनिन पदक’ जाहीर झाले. मायदेशी तर ते घराघरांत पोहोचले. शाळेला आणि रस्त्यांना त्यांचे नाव देण्यात आले. पुढे वार्ताहरांनी त्यांना ‘अरबांचा नील आर्मस्ट्राँग’ असे विशेषण चिकटवले. ते कानाला बरे वाटते, पण चुकीचे आहे. फारिस चंद्रावर गेले नव्हते आणि पहिलेही नव्हते. त्यांची तुलना व्हायचीच तर राकेश शर्मांशी व्हावी. तेही हवाई दलातले, याच कार्यक्रमातून गेलेले आणि जवळपास तेवढेच दिवस वर राहिलेले. शर्मा १९८७ मध्येच हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये आले आणि कंपनीच्या नाशिक विभागात मुख्य चाचणी वैमानिक म्हणून काम करू लागले. फारिसही विमानांकडेच वळले, पण विमानांपलीकडचे काहीतरी उभे करावे अशी त्यांची इच्छा होती. अंतराळविज्ञानाची एक राष्ट्रीय संस्था काढा, म्हणजे माझ्यामागून आणखी तरुण जातील, असे आपण हाफिज अल-असद यांना सुचवले आणि त्यांनी ते साफ नाकारले, असे फारिस यांनी परागंदा झाल्यावर मुलाखतीत सांगितले. ही एका बाजूने सांगितलेली हकीकत आहे. मात्र १९८७ नंतर एकही सीरियन अंतराळात गेलेला नाही, हेही खरे.

त्यांची पुढची वीस-पंचवीस वर्षे सैन्यात, प्रशिक्षणाच्या आणि सल्लागारीच्या कामांत गेली आणि ते जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढले. दरम्यान सोव्हिएत संघ मोडला. २००० मध्ये हाफिज वारले आणि मुलगा बशर गादीवर आला. मार्च २०११ मध्ये दक्षिणेतल्या दरा शहरातून निदर्शने सुरू झाली. पुढच्याच महिन्यात, १२ एप्रिलला, जगातले पहिले अंतराळवीर युरी गागारिन यांच्या उड्डाणाची पन्नाशी होती. त्या निमित्ताने रशियाने परदेशी अंतराळवीरांना जी पदके दिली त्यांत फारिस यांचेही नाव होते. फारिस आणि त्यांची पत्नी दमास्कसमध्ये शांततेने सुधारणा मागणाऱ्या मोर्चांत सामील झाले. आपण घडवलेले वैमानिक आपल्याच गावांवर बाँब टाकताहेत, हे पाहणे त्यांना अशक्य झाले असावे. २०१२ च्या जुलैमध्ये अलेप्पोत लढाई सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये ते कुटुंबासह सीमा ओलांडून तुर्कस्तानात गेले. तोवर असदना सोडून गेलेल्यांत बरेच सेनाधिकारी होते. पण ज्यांचे नाव शाळेतल्या मुलांना ठाऊक होते असे फारिसच.

मार्च २०१४ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, सीरियन सरकारने अंतराळ संस्था स्थापन करायला मंजुरी दिली. देशाचा एकमेव अंतराळवीर तेव्हा इस्तंबूलमध्ये निर्वासित होता.

इस्तंबूलच्या फातिह भागात, जिथे सीरियन दुकाने आणि खानावळी यांची वस्तीच झाली आहे, तिथे ते राहत. व्याख्याने देत, असदविरोधी राजकारणात भाग घेत आणि निर्वासितांच्या हक्कांबद्दल बोलत. तुर्कस्तानातल्या सीरियनांची संख्या एका टप्प्यावर ३५ लाखांच्या वर गेली होती. सप्टेंबर २०१५ अखेरीस रशियाची लढाऊ विमाने असद यांच्या बाजूने सीरियात उतरली. ज्या देशाने त्यांना अंतराळ दाखवले, ‘वीर’ म्हटले, त्याच देशाचे बाँब आता अलेप्पोवर पडत होते. फारिस यांनी या हल्ल्यांचा उघड निषेध केला. पुढे त्यांना तुर्कस्तानचे नागरिकत्व मिळाले.

असे ते एकटेच नव्हेत. त्यांच्यानंतर वर्षभराने, ऑगस्ट १९८८ मध्ये, अफगाणिस्तानचे अब्दुल अहद मोहमंद याच कार्यक्रमातून मीरवर गेले. काबूलमधले सरकार कोसळायच्या सुमारास त्यांनीही देश सोडला आणि ते जर्मनीत श्टुटगार्टला स्थायिक झाले. मैत्रीचे प्रतीक म्हणून उडवलेल्या माणसांच्या वाट्याला हे आले. इंटरकॉसमॉसच्या इतिहासात या दोघांची पाने शेजारीशेजारी वाचायला हवीत.

फारिस यांच्यानंतर तिसरा अरब अंतराळात जायला ३२ वर्षे लागली. २५ सप्टेंबर २०१९ रोजी संयुक्त अरब अमिरातीचे हज्जा अल-मन्सूरी ‘सोयूझ एमएस-१५’मधून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे निघाले. २०२३ मध्ये अमिरातीचेच सुलतान अल-नेयादी सहा महिने वर राहिले आणि २८ एप्रिलला स्थानकाबाहेर पडून अंतराळात चालणारे पहिले अरब ठरले. त्याच वर्षी मे महिन्यात सौदी अरेबियाच्या रय्याना बरनावी या पृथ्वीच्या कक्षेत जाणाऱ्या पहिल्या अरब महिला ठरल्या. ही दीर्घ खंडाची गोष्ट आपल्याला अपरिचित नाही. राकेश शर्मांनंतर शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये जाईपर्यंत भारतानेही ४१ वर्षे वाट पाहिली. आता अरबांच्या बाजूने पुढाकार आखाती तेलसंपन्न देशांकडे गेला आहे. अलेप्पो, दमास्कस, बगदाद या शहरांची नावे त्यात नाहीत.

१९ एप्रिल २०२४ रोजी सीरियाच्या सीमेजवळच्या गाझियानतेप शहरात फारिस यांचे निधन झाले. अखेरच्या काळात त्यांना हृदयविकाराने गाठले होते. त्यांचा देह सीमेपलीकडे नेऊन आझाझ या विरोधकांच्या ताब्यातील गावात दफन करण्यात आला. अंत्ययात्रेला शेकडो लोक होते. आझाझपासून अलेप्पो ३०-३५ किलोमीटरवर, पण तिथे तेव्हा असद यांचे सैन्य होते. म्हणून जन्मगावी त्यांना माती मिळाली नाही. सात महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस, विरोधकांच्या फौजा अलेप्पोत शिरल्या आणि ८ डिसेंबरला बशर अल-असद देश सोडून मॉस्कोला पळाले.