निंदावाचक क्रियापदे, इंग्रजीतील

एखाद्या कृत्याविषयी किंवा व्यक्तीविषयी तीव्र नापसंती सांगणारा इंग्रजी क्रियापदांचा गट. कंडेम, डिनाउन्स, सेन्शर, डिप्लोअर, डिक्राय, कॅस्टिगेट आणि एक्सकोरिएट ही त्यांतील प्रमुख. मराठी बातम्यांत यांपैकी बहुतेकांचे भाषांतर ‘तीव्र निषेध’ असे केले जाते आणि त्यात मोलाचे भेद पुसले जातात. हे शब्द सौम्य ते जहाल अशा एका ओळीत बसवण्याचा मोह होतो, पण तेवढ्याने भागत नाही. निंदा कोण करतो, कोणत्या अधिकाराने करतो आणि ती जाहीर उच्चारली जाते की नाही, यांवर शब्दाची निवड अवलंबून असते.

कंडेम हा निवाड्याचा शब्द आहे. त्यात दोष ठरलेला असतो, चर्चा संपलेली असते. आरोपीला मृत्युदंड सुनावताना आणि मोडकळीस आलेली इमारत राहण्यास अयोग्य ठरवतानाही हेच क्रियापद येते. अमेरिकी कायद्यात सार्वजनिक कामासाठी खासगी जमीन सक्तीने ताब्यात घेण्यालाही हाच शब्द आहे. तेथे मालकाला नावे ठेवण्याचा काही संबंध नसतो.

त्याच्या मुळाशी लॅटिन ‘दाम्नुम’ (तोटा, दंड) आहे. या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. इ.स.पू. पहिल्या शतकातील रोमन विद्वान व्हॅरोने तो ‘देम्प्तियो’ म्हणजे घट या शब्दाशी जोडला : वस्तूवर जेवढा खर्च झाला त्याहून कमी हाती आले, की दाम्नुम. ही उपपत्ती ध्वनिसाम्यावर बेतलेली दिसते. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ बहुधा लॅटिन ‘दाप्स’ (यज्ञप्रसंगीचे भोजन) आणि ग्रीक ‘दापाने’ (खर्च) यांच्याशी त्याचे नाते लावतात. हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण त्यातून रोमन कायद्याची जुनी भाषाही उलगडते. लेक्स अक्विलिया या कायद्यात (परंपरेने इ.स.पू. 287 च्या सुमाराचा, काळाविषयी मतभेद आहेत) नुकसान करणाऱ्याविषयी ‘दारे दाम्नास एस्तो’, म्हणजे ‘तो देण्यास बांधील असो’, असा शब्दप्रयोग येतो. त्यात देणे हे मुख्य आहे. नैतिक दूषणाची छटा नंतरची असावी. कंडेम हा शब्द जुन्या फ्रेंचमधून साधारण चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. मध्ययुगीन लेखनात त्यात अनेकदा एक आगंतुक ‘प’ दिसतो. अखेरचा ‘न’ आज उच्चारात लोपला आहे, पण ‘कंडेम्नेशन’ म्हणताना तो पुन्हा ऐकू येतो. ‘तुच्छ लेखणे’ या अर्थाचे कंटेम हे क्रियापद मात्र वेगळ्या मुळाचे असून त्याची गल्लत करू नये.

डिनाउन्समध्ये लॅटिन ‘नून्तियुस’ म्हणजे निरोप्या आहे. मनातल्या मनात कंडेम करता येते, डिनाउन्स करता येत नाही. चारचौघांत बोलावेच लागते. अधिकाऱ्यांकडे कोणाची चुगली करणे हाही त्याचा एक अर्थ. आंतरराष्ट्रीय कायद्यात करारातून बाहेर पडत असल्याची औपचारिक सूचना देणे म्हणजे डिनाउन्स करणे (तहविषयक व्हिएन्ना करार, 1969, कलम 56).

सेन्शर सहसा संस्था करते. रोममधील ‘केन्सोर’ हा अधिकारी नागरिकांची गणना करी आणि गैरवर्तन करणाऱ्याच्या नावापुढे शेरा मारी; त्याच्या पदावरून हा शब्द आला. काटछाट करणारा सेन्सॉरही त्याच घराण्यातला. अमेरिकी सिनेटने 2 डिसेंबर 1954 रोजी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्याविरुद्धचा ठराव 67 विरुद्ध 22 मतांनी संमत केला. ठरावाच्या मजकुरात क्रियापद होते कंडेम, सेन्शर नव्हे. या फरकाला अर्थ आहे का, यावर तेव्हा वाद झाला. सिनेट मात्र ही घटना सेन्शरच्या यादीतच धरते.

डिप्लोअरमधील ‘प्लोरारे’ म्हणजे रडणे. त्यामुळे त्यात दुःख शिल्लक राहते, आणि त्याचे कर्म सहसा कृत्य किंवा परिस्थिती असते, माणूस नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2 मार्च 2022 रोजी युक्रेनविषयीचा ठराव 141 मतांनी संमत केला. त्यात रशियाच्या आक्रमणासाठी ‘अत्यंत कठोर शब्दांत’ डिप्लोअर वापरले आहे, तर मानवतावादी कायद्याच्या उल्लंघनांसाठी कंडेम. राजनैतिक भाषेत हे दोन शब्द अदलाबदलीचे नाहीत, हे अशा मजकुरात स्पष्ट दिसते.

डिक्राय हा शब्द नाण्यांच्या व्यवहाराशी जोडलेला आहे : अमुक नाणे चलनातून बाद झाले किंवा त्याची किंमत उतरली, अशी दवंडी. आज तो जाहीरपणे नापसंती दर्शवण्यासाठी वापरतात.

कॅस्टिगेटमध्ये सुधारण्यासाठी केलेली शिक्षा आहे. एक्सकोरिएटमध्ये लॅटिन ‘कोरियुम’ म्हणजे कातडे. वैद्यकात त्वचा खरवडली जाण्याला आजही हाच शब्द आहे. मराठीतील ‘सालटी काढणे’ त्याच्या अगदी जवळ जाते.

मराठी प्रतिशब्दांत सेन्शरला ‘ठपका ठेवणे’ आणि न्यायालयीन संदर्भात ‘ताशेरे ओढणे’ चांगले बसते. डिनाउन्सला ‘धिक्कार’ चालेल. ‘निषेध’चा मूळ संस्कृत अर्थ मनाई असून ‘विधिनिषेध’ या समासात तो टिकला आहे. निंदेचा अर्थ त्याला पुढे चिकटला. डिप्लोअरला ‘खेद’ वापरल्यास बोलणाराच दिलगिरी व्यक्त करतो आहे असा भास होतो. त्यापेक्षा ‘शोचनीय ठरवणे’ बरे, जरी ते अद्याप रुळलेले नाही.