झाडपाल्याचंही व्यसन लागतं

रामकुंडाच्या पायऱ्यांवर पोरं हमखास सांगतात, "सिंहस्थात साधू गांजा ओढतातच की! झाडपाल्याचं कसलं आलंय व्यसन?" हे खोटं आहे. गांजा ओढणाऱ्या साधारण १० जणांपैकी एकाला व्यसन लागतं. किशोरवयात सुरुवात केली तर सहापैकी एकाला. सोडल्यावर झोप उडते, भूक मरते, चिडचिड होते. आमच्या शेजारचा मुलगा आईनं वाढलेलं ताट आठवडाभर तसंच बाजूला सरकवायचा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात साधूंनाही सूट नाही (भांगेच्या पानांची गोष्ट वेगळी). पहिला झुरका आपणच घेतो, ती जबाबदारी आपलीच. पण सुटत नसेल तर लपू नका. सेवनाच्या गुन्ह्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला याच कायद्याचं कलम ६४-अ खटल्यापासून वाचवतं. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६.