टाकणारा एक, हसणारे तीस

समजा, चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत नववीतला मुलगा उत्तर देताना ‘शेतात’ऐवजी ‘वावरमा’ म्हणून गेला. कुणीतरी ते रेकॉर्ड केलं, मागे गाढवाचं ओरडणं जोडलं आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. टाकणारा एक, हसण्याचे इमोजी तीस. त्यातल्या निम्म्यांच्या घरी अहिराणीच बोलतात!

“मोबाइलवरचंच आहे, मनावर कशाला घेतो?” असं मोठी माणसं म्हणतात. पण मेंदू असा हिशोब करत नाही. 2003 साली मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलेल्या लोकांना पडद्यावर चेंडू फेकण्याचा खेळ दिला. थोड्या वेळाने बाकीचे खेळाडू त्यांच्याकडे चेंडू टाकेनासे झाले. तेव्हा शारीरिक वेदनेशी संबंधित असलेला मेंदूचा एक भाग जास्त सक्रिय दिसला. (तो भाग इतर कामंही करतो, त्यामुळे ‘दुःखाचं केंद्र सापडलं’ म्हणणं घाईचं.) पुढच्याच वर्षी किपलिंग विल्यम्स यांच्या गटाने दाखवलं की, समोर माणसं नाहीत, संगणकच खेळतोय हे आधी सांगितलं तरी वगळलेल्याला वाईट वाटतंच. मग रोज एका बाकावर बसणारी तीस पोरं हसली तर?

शाळा सहसा टाकणाऱ्याला शोधते, पालकांना बोलावते, मोबाइल जप्त करते. माझ्या मते इथेच गाडी चुकते. फोन जाईल या धास्तीने सोसणारा पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही.

फिनलंडमध्ये मानसशास्त्रज्ञ ख्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी बघ्यांकडे लक्ष वळवलं. छळणाऱ्याला दाद हवी असते आणि ती बघे देतात. त्यांच्या ‘किवा’ कार्यक्रमात अख्ख्या वर्गाला बघ्याची भूमिका बदलायला शिकवतात. मोठ्या चाचणीत छळ कमी झाल्याचं दिसलं. पूर्ण थांबला नाही, हेही खरं. बघ्यांनी बदलायला महागडी यंत्रणा लागत नाही. इमोजी न देणं, पुढे न पाठवणं, त्या मुलाला “चल, डबा खाऊ” म्हणणं, एवढं तर आपल्याकडेही जमेल. वर्गशिक्षकाने मधूनमधून स्वतः अहिराणीत बोलावं, म्हणजे त्या चेष्टेतली हवाच जाते.

काही प्रकरणं मात्र वर्गात मिटवायची नसतात. मुलाचा किंवा मुलीचा लैंगिक स्वरूपाचा फोटो फिरत असेल तर पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याने पोलिसांना कळवणं शाळेवर बंधनकारक आहे. तो फोटो पुरावा म्हणूनही इतरांना पाठवू नये. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ नोंदवून ठेवावी. मुलांना मदतीसाठी 1098 हा क्रमांक आहे. तो मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये लावून उपयोग नाही, पाण्याच्या टाकीजवळ लावा.